खलपुरुषांचें गणगोत

दिवाळीच्या सुटींत आमचें घर भरून जातें. पुण्याहून मुलगा, सून आणि नातू येतात. मुलगी आपल्या दोन मुलांसह माहेरीं येते. शेजारचीं चार पोरेंहि दिवसभर आमच्याच ओसरीवर असतात. महागांवांत पाहुण्यांस दाखविण्याजोगें फारसें कांहीं नाहीं, म्हणून आल्यागेल्यानें घरांतच रमावें लागतें. आणि मुलांस रमविण्याचें काम अलीकडे व्हिडिओ गेमनें पतकरलें आहे. माझी बंगई बैठकीच्या दाराशींच आहे. वाचण्याचें निमित्त करून मी तेथें बसतों आणि मुलांचें बोलणें ऐकतों. मास्तराची ही खोड पेन्शन सुरू झाली तरी जात नाहीं.

यंदा पाडव्याच्या दिवशीं तेथें बापलेकांचा वाद जुंपला. खेळांतील दुष्ट राजाबरोबर जे सात लहान दुष्ट येतात, ते त्याचीं मुलें कीं त्याचे चाकर, असा प्रश्न होता. माझा मुलगा म्हणे, “मुलेंच, मीं कॉलेजांत असतां वाचलें आहे.” नातू म्हणे, “बाबा, तें जुनें झालें. तीं त्याचीं मुलें नाहींतच.” अखेर “आजोबा, तुम्हीच सांगा,” म्हणून दोघेहि मजकडे आले. जन्मांत कधीं न खेळलेल्या खेळाचा निवाडा करण्याचा प्रसंग आला खरा, परंतु नात्यागोत्याची चर्चा निघाली असतां गप्प बसणारा म्हातारा मला तरी अद्याप भेटलेला नाहीं.

ज्यांस या खेळांचा गंध नाहीं त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगतों. जपानांतील निंटेंडो कंपनीनें काढलेल्या या खेळाचा नायक मारिओ नांवाचा एक नळ दुरुस्त करणारा इटालियन गृहस्थ आहे. प्रतिनायक म्हणजे कांसवाच्या कुळांतला एक राजा. जपानी लोक त्यास कुप्पा म्हणतात. इंग्रजींत तो बाउझर झाला. राजकन्येस पळवून नेणें हा त्याचा नित्याचा उद्योग, आणि तेवढ्यापुरता त्यास आपल्या रावणाचा शिष्य म्हणावयास हरकत नाहीं. या मालिकेंतील ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा खेळ जपानांत १९८८ सालीं व अमेरिकेंत १९९० सालीं निघाला. त्यांत राजाच्या बाजूनें सात नवे दुष्ट आले, सहा पुरुष व एक स्त्री, आणि त्यांनीं सात राज्यांच्या सात राजांच्या जादूच्या कांड्या पळविल्या.

इंग्रजी माहितीपुस्तिकेंत हीं सातहि जणें राजाचीं अपत्यें म्हणून आलीं. अमेरिकेंत १९९० सालींच निघालेल्या चित्रमालिकेंत तर तीं त्यास ‘राजे-बाबा’ अशा अर्थाची हाक मारीत. तिकडील मंडळींनीं त्यांचीं बारशींहि केलीं. एकाचें नांव बीथोव्हेनवरून लुडविग, दुसऱ्याचें रॉय ऑर्बिसन या गायकावरून रॉय. पुढें २००२ सालच्या एका खेळांत त्या राजाचा आणखी एक पुत्र अवतरला, तो बाउझर ज्युनियर. आणि २०१२ सालीं या सर्व सृष्टीचे विधाते शिगेरु मियामोतो यांनीं एका मुलाखतींत सांगून टाकलें कीं, ते सात जण राजाचीं मुलें नव्हेत. त्यास मूल एकच, तें ज्युनियर. त्या मुलाची आई कोण, हें मात्र त्यांसहि ठाऊक नव्हतें! बावीस वर्षें ज्यांस बाप होता तीं सात पोरें एका दिवसांत पोरकीं झालीं.

आतां हें झालें कसें? माझा मुलगा एका जपानी कंपनीचें काम पाहतो, त्यामुळें त्यानें थोडें जपानी शिकून घेतलें आहे. त्याच्याकडून कळलें तें असें. जपानींत या सातांस ‘कोकुप्पा’ म्हणतात. ‘को’ हा उच्चार ‘मूल’ या अर्थीं आहे, तसाच ‘लहान’ या अर्थींहि आहे. चित्रलिपींत लिहिलें असतां दोहोंचीं अक्षरें निरनिराळीं पडतात. परंतु हें नांव केवळ उच्चार दाखविणाऱ्या लिपींत लिहितात, तेव्हां यांतला ‘को’ कोणता हें नुसत्या नांवावरून कळावयाचें नाहीं. कुप्पाचीं पिलें म्हणा, कीं छोटे कुप्पे म्हणा; नांव दोन्हीकडे डोळा मिचकावतें. इंग्रजीनें मात्र एक डोळा मिटून घेतला.

भाषांतरकारास मी सर्वस्वीं दोष देणार नाहीं. आपल्याकडे एखादा पुढारी सभेंत “हीं माझीं पोरें आहेत” असें म्हणतो, तेव्हां त्या पोरांचा जन्मदाखला कोणी मागत नाहीं. आखाड्यांतील वस्ताद म्हणतो, शाळेंतील मास्तर म्हणतो, वरातींत बँड वाजविणाऱ्यांचा म्होरक्याहि म्हणतो. मराठी माणूस प्रसंग पाहून अर्थ घेतो. हेंच वाक्य परभाषेंत नेणाऱ्यास मात्र प्रसंग नेतां येत नाहीं, शब्दच न्यावा लागतो. आणि शब्द निवडतांच एक तर बाप जन्मास येतो, नाहीं तर मरतो.

यांत एवढें काय बिघडलें, असें कोणी विचारील. माझ्या मतें पुष्कळ बिघडतें, कारण दुष्टाचें पाप आणि दुष्टाचें दुःख हीं दोन्हीं नात्यानेंच मोजलीं जातात. प्रहस्त पडला तेव्हां रावण हळहळला. इंद्रजित पडला तेव्हां तो मूर्च्छित झाला. पहिला सेनापति, दुसरा पुत्र. (प्रहस्तहि उत्तरकांडाप्रमाणें रावणाचा मामाच लागतो, ही गोष्ट जातां जातां सांगून ठेवतों. ती आमच्या वर्गांत दर वर्षीं एका तरी मुलास नवी वाटत असे.) कुप्पा स्वतःच्या सात लेकरांस मारिओच्या तोंडीं देत असेल तर तो निराळा राजा, सात नोकरांस पाठवीत असेल तर निराळा. खेळ तोच, उड्या त्याच, पण हरल्यावर त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टि एक राहत नाहीं.

त्या दिवशीं निघालेला विषय मग जेवणाच्या पंगतीपर्यंत पुरला. जपानींत नुसता ‘भाऊ’ म्हणून भागत नाहीं. थोरला असेल तर ‘आनि’, धाकटा असेल तर ‘ओतोतो’. इंग्रजी दोघांसहि एकाच ‘ब्रदर’मध्यें कोंबते, आणि मग दोन दुष्ट भावांपैकीं गादीचा हक्क कोणाचा व हेवा कोणाचा, हें वाचकानें तर्कानें जाणावें. त्याहून मौज काकांची. जपानींत काका व मामा दोघांसहि ‘ओजि’ म्हणतात. बापाकडचा कीं आईकडचा हा भेद तेथें नाहीं. पण लिहितांना, हा गृहस्थ आईबापांहून वडील असेल तर एक अक्षर आणि धाकटा असेल तर दुसरें. हें ऐकून माझी सून एकदम म्हणाली, “म्हणजे आपल्या वऱ्हाडासारखेंच कीं!” ती मूळची कोंकणांतली, लग्न होऊन आली तेव्हां बापाच्या थोरल्या भावास आमच्याकडे ‘मोठे बाबा’ आणि त्याच्या पत्नीस ‘मोठी आई’ म्हणतात, याचा तिला फार अचंबा वाटला होता. धाकटा असेल तोच आमचा काका. मराठी बाजू पाहते, जपानी वय पाहते. आमचा वऱ्हाडी माणूस बापाकडच्या नात्यांत दोन्ही पाहतो. इंग्रजी बिचारी यांतलें कांहींच न पाहतां ‘अंकल’ म्हणून मोकळी होते.

नातवानें तेवढ्यांत निकालच देऊन टाकला: “मग कुप्पा त्या सातांचा मोठे बाबा असेल!” माझ्या ऐकिवांतील सर्व मतांत मला हें अधिक ग्राह्य वाटतें, आणि मियामोतो यांच्या कानीं तें जावें अशी माझी इच्छा आहे.

आपल्याकडील खलपुरुष या कसोटीस लावून पाहिले तर मोठीच गंमत दिसते. कंस घ्या. नातवाच्या इंग्रजी शाळेच्या ग्रंथालयांतील गोष्टींच्या पुस्तकांत कंस हा देवकीचा ‘कझिन’ आहे, आणि पुढच्याच पानावर तो कृष्णाचा ‘अंकल’ आहे. मुलगा मला विचारतो, “कझिन असेल तर मग मामा कसा?” वंशावळ पाहिली तर पुस्तकवाल्याचें चुकलें असें म्हणतां येत नाहीं. कंस उग्रसेनाचा पुत्र; देवकी उग्रसेनाच्या भावाची, देवकाची, कन्या. म्हणजे दोघें चुलत बहीणभाऊ. परंतु भागवतकार तिला कंसाची बहीणच म्हणतात, आणि लग्नानंतर तिच्या रथाचे लगाम हातीं घेऊन तिला पोंचवावयास निघतो तो भाऊच. आमच्या आज्यांनीं गोष्ट सांगितली तीहि बहीणभावांचीच. ‘चुलत’ हा शब्द आपल्या भाषेंत आहे, पण तो कोठें उच्चारावयाचा आणि कोठें गिळावयाचा, हें व्याकरणांत लिहिलेलें नाहीं. वाटणीच्या कागदावर तो येतो. राखीच्या दिवशीं येत नाहीं. कझिनच्या मुलांस मारणारा राजा हा केवळ राजकारणी होय. बहिणीच्या मुलांस मारणारा मामा हें निराळेंच पाप, आणि म्हणूनच मराठी मुलांस ‘कंसमामा’ म्हटल्यावर पुढें वर्णन करावें लागत नाहीं. शकुनीचेंहि तेंच. मामा म्हणजे ज्याच्या घरीं सुटींत जावें, ज्यानें खाऊ द्यावा; तो फांसे घेऊन बसला यांत सारें आलें.

शिशुपाल हा कृष्णाचा आतेभाऊ. त्याचे शंभर अपराध कृष्णानें पोटांत घातले ते आत्येला वचन दिलें होतें म्हणून. ‘कझिन’ म्हटलें कीं आत्या दिसेनाशी होते, आणि शंभर अपराध सोसणारा कृष्ण केवळ फार सहनशील गृहस्थ वाटूं लागतो. जयद्रथानें द्रौपदीस पळविलें तरी युधिष्ठिरानें त्यास जिवंत सोडविलें. कां, तर तो दुःशलेचा नवरा, शंभर कौरवांत एकुलत्या एक बहिणीचें कुंकू. इंग्रजीचा ‘ब्रदर-इन-लॉ’ दीर, भासरा, साडू आणि मेहुणा या सर्वांस एकाच गाडींत बसवितो. आमचा मेहुणाहि बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा अशा दोघांस चालतो, तेव्हां फार ऐट मिरविण्याचें कारण नाहीं. तरी जयद्रथाच्या ठिकाणीं तेवढ्यानें काम भागतें. आणि दुर्योधन? कृष्णाच्या सांबानें दुर्योधनाच्या लक्ष्मणेस पळवून आणलें, अखेर लग्न लागलें, आणि दोघे एकमेकांचे व्याही झाले. या एका शब्दासाठीं इंग्रजींत चार-पांच शब्दांचें लचांड जोडावें लागतें, आणि तरीहि मानपानाचा वास त्याला येत नाहीं. उलट कंसाचा सासरा जरासंध, हें इंग्रजींतहि जसेंच्या तसें जातें. जांवयासाठीं मथुरेवर वारंवार चाल करून येणारा सासरा कोणत्याहि भाषेंत कळतो.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या विषयाचें सर्वांत दारुण उदाहरण आहे, आणि तें सांगतांना वर्गांतहि माझा आवाज उतरत असे. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशीं शनवारवाड्यांत गारदी मागें लागले असतां अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा धांवत गेला तो राघोबादादांकडे. त्यानें ‘काका’ म्हणून फोडलेली ती हांक अजून पुण्यांत ऐकूं येते असें लोक सांगतात. परंपरेनें आलेली आख्यायिका अशी कीं, हुकुमांत पुतण्यास धरावें असें लिहिलें होतें आणि आनंदीबाईंनीं ‘ध’ चा ‘मा’ केला. एक अक्षर बदललें आणि नातें संपलें. हा प्रसंग इंग्रजींत सांगावयाचा तर एक अक्षर बदलून काम होत नाहीं. ‘सीझ’चा ‘किल’ करावयास सबंध शब्द खोडावा लागतो, आणि मग ती कारस्थानी बोटांची चपळाई उरत नाहीं. ‘अंकल’नें तर त्याहून घात होतो. आईचा भाऊ असता तर नारायणराव त्याच्याकडे पाहुणा म्हणून धांवला असता. हा बापाचा सख्खा भाऊ, एकाच वाड्यांतला, बापाच्या मागें बापाच्या ठिकाणीं. याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९०९ सालीं नाटक रंगभूमीवर आणलें, त्याचें नांव ‘भाऊबंदकी’. या शब्दाचें भाषांतर मला कोणी करून दाखवावें. भाऊ आणि बंधु हे दोन गोड शब्द एकत्र केले आणि निष्पन्न काय झालें, तर वैर!

पण ही कल्पना मराठ्यांची नव्हे. संस्कृतांत ‘भ्रातृव्य’ म्हणून शब्द आहे. पाणिनीनें चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत त्याची सिद्धि सांगितली: भावाचा मुलगा तो भ्रातृव्य. आणि लागलीच पुढच्या सूत्रांत सांगितलें कीं, शत्रु या अर्थींहि भ्रातृव्यच, मात्र प्रत्यय निराळा, म्हणून स्वर निराळा. वेदांत हा शब्द बहुधा शत्रूसाठींच येतो. कागदावर दोन्ही शब्द एकच दिसतात; म्हणणाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुतण्या कोणता आणि वैरी कोणता हें कळावयाचें नाहीं.

शेक्सपियरचा क्लॉडियस भावास मारून भावजयीशीं लग्न लावतो. त्या काळच्या इंग्रजींत पुतण्यासहि ‘कझिन’ म्हणत. तो हॅम्लेटला तसेंच म्हणतो. गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें त्या नाटकाचें मराठी केलें. मराठीनें येथें इंग्रजीवर उपकारच केले असें मी समजतों, कारण मराठींत मोघम ‘अंकल’ नाहीं. चुलता म्हटला कीं आमच्या प्रेक्षकासमोर शनवारवाडा उभा राहतो. भाषांतरानें नेहमींच नातें बुडतें असें नाहीं. कधीं कधीं तें घरीं परत येतें.

हें सर्व मी इतक्या अगत्यानें लिहीत आहे, याचें खरें कारण मात्र कुप्पाहि नाहीं आणि कंसहि नाहीं. माझ्या आजोबांच्या मागें आमच्या शेताच्या दोन वाटण्या झाल्या, एक वडिलांची व एक काकांची. विहीर सामाईक राहिली. काकांचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनीं लहान. एका ताटांत जेवलों, एका पाटीवर अक्षरें गिरविलीं. आठ वर्षांपूर्वीं पावसानें दगा दिला, विहिरीचें पाणी खालीं गेलें, आणि माझ्या पाळीच्या दिवशीं त्याची मोटर चालूं लागली. मीं जाऊन बोलावयास हवें होतें. मीं वकिलामार्फत नोटीस पाठविली. तेव्हांपासून दोन घरांमधलें बोलणें बंद झालें. त्याच्या घरांत ही गोष्ट सांगत असतील तर त्या गोष्टींतला खलपुरुष मी आहें, यांत मला शंका नाहीं; आणि आमच्या घरांत तो आहे. भ्रातृव्य दोघेहि, दोन्ही स्वरांनीं.

गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं त्याच्या पोटांत असह्य कळ उठली. घरांत तो आणि त्याची पत्नी. मुलगा अमेरिकेंत, मुलगी अकोल्यास. वहिनीनें आमचें दार वाजविलें. मीं गाडी काढविली, तिला घरींच ठेवून त्यास बाहेरगांवच्या एका दवाखान्यांत नेलें. शस्त्रक्रिया करावी लागेल असें ठरलें. तेथील छापील कागद इंग्रजींत होता; नातें या रकान्यांत मीं देवनागरींत ‘भाऊ’ असें लिहिलें. टेबलावरच्या तरुणानें विचारलें, “काका, सख्खे का?” मास्तरकी केल्यानें खोटें बोलवलें नाहीं. त्यानें ‘भाऊ’ खोडून ‘कझिन’ लिहिलें आणि सांगितलें, सही जवळच्या नातेवाइकाची लागेल. अमेरिकेंतल्या मुलास फोन लावून दिला, तोहि इंग्रजींत त्यांना म्हणाला कीं, हे वडिलांचे कझिन आहेत. लहानपणीं हाच मुलगा मला मोठे बाबा म्हणत माझ्या खांद्यावर बसून पोळा पाहावयास येत असे. तो खोटें बोलला असें मी म्हणणार नाहीं. पुस्तकवालाहि खोटें लिहीत नव्हता.

अकोल्याहून मुलगी येऊन सही होईपर्यंत पहाट झाली. तोंवर मी त्याच्या खाटेशीं बसून होतों. औषधानें कळ थोडी थांबली होती. आठ वर्षांनीं तो प्रथमच मजशीं बोलला.

“दादा, कागदावर काय लिहिलें त्यांनीं?”

“कझिन.”

“म्हणजे कोण?”

“म्हणजे कोणीहि. आत्याचा, मामाचा, मावशीचा. दूरचा, जवळचा.”

तो बराच वेळ छताकडे पाहत पडला. मग म्हणाला, “असं? मग आपल्याला नोटीस कोणी धाडली होती?”

मला हंसूं आलें, आणि त्यालाहि आलें. पण टांके पडण्याआधींच पोट दुखेल म्हणून त्यानें तें आंवरलें. पंधरा दिवसांनीं तो घरीं आला. विहिरीविषयीं आम्हीं अद्याप कांहीं बोललों नाहीं. येत्या सोमवारीं माझी पाळी आहे, म्हणून मीं सहज बांधावर जाऊन पाहिलें. त्यानें पाइप आधींच माझ्या बाजूस फिरवून ठेवला होता.